पोर्टेबल एसी लावूनही खोली नीट गार होत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की खोली 12 बाय 12 फुटांची, एसी 14,000 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे गार करायची ताकद मोजायचं माप), दारं-खिडक्या घट्ट बंद, रिमोटवर 16 लावलेले, आणि तरी भर दुपारी तापमान 29च्या खाली उतरत नाही. गरम हवा खिडकीबाहेर टाकणाऱ्या पाइपला बाहेरून काही गुंडाळलं तर फरक पडेल का, असंही विचारलंय. पडेल, पण थोडाच. खरी गळती दुसरीकडे आहे.

आधी मशीन ठीक आहे ना ते बघून घ्या. एसी अर्धा तास चालू द्या. मग तो जिथून खोलीतली हवा ओढतो तिथलं आणि जिथून गार हवा सोडतो तिथलं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. 8 ते 12 अंशांचा फरक आला तर गॅस, कॉम्प्रेसर वगैरे ठणठणीत आहे असं समजा. (हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी दिसतो, कारण बरीचशी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.) फरक फारच कमी आला तर फिल्टर धुवा, मागच्या जाळ्यांवरची धूळ काढा आणि पुन्हा मोजा. तरीही तेच असेल तर मेकॅनिकला बोलवा. पण माझा अंदाज असा की फरक बरोबरच निघेल.

तुमचा एसी एका पाइपचा आहे असं धरून चालतो. एसीत नळ्यांची दोन वेटोळी म्हणजे कॉइल असतात: गार कॉइल खोलीतली उष्णता ओढते, गरम कॉइल ती सोडते. अशा एसीला ही गरम कॉइल थंड ठेवायला हवा लागते. ती तो खोलीतूनच घेतो, तापवतो आणि पाइपातून बाहेर फेकतो. म्हणजे मेहनतीने गार केलेल्या हवेचा मोठा वाटा तो स्वतःच घराबाहेर घालवतो. जेवढी हवा गेली तेवढी कुठून तरी आत येणारच: दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, छताच्या फटींतून.

हे नुकसान किती ते मांडून बघू. अशी मशीन ताशी साधारण 300 घनमीटर हवा बाहेर टाकते असं धरू. तुमच्या खोलीत सगळी मिळून सुमारे 40 घनमीटर हवा आहे, म्हणजे तासाभरात ती सातेक वेळा बदलते. बाहेर 38 अंश आणि आत 26 अंश ठेवायचे असतील, तर आत घुसणारी हवा 12 अंशांनी गार करायला जवळजवळ 1,150 वॅट खर्ची पडतात. 14,000 बीटीयू म्हणजे कागदावर 4,100 वॅट. त्यातला पाव भाग इथेच संपला, आणि बाहेरच्या दमटपणाचा हिशोब मी अजून धरलेलाच नाही. एक लिटर पाणी हवेतून काढायला साधारण 0.7 युनिट उष्णता ओढून घ्यावी लागते, तोही भार मशीनवरच.

आता गंमत बघा. हीच हवा बाहेरून न येता शेजारच्या, सावलीतल्या 31 अंशांच्या खोलीतून आली, तर 1,150 ऐवजी 500 वॅटच्या आत काम भागतं. खर्च शून्य, फक्त हवेची वाट बदलायची. म्हणून माझा सल्ला ऐकायला उलटा वाटेल: खोली हवाबंद करायच्या मागे लागू नका. बाहेरच्या बाजूच्या सगळ्या फटी बुजवा आणि आतल्या, गार बाजूच्या दाराखालची फट मुद्दाम राहू द्या. सगळंच बंद केलंत तर हवा छतातून किंवा भिंतीतल्या एखाद्या भोकातून, म्हणजे सगळ्यात तापलेल्या जागेतून शिरेल. फटी शोधायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. एसी फुल स्पीडला ठेवा आणि पट्टी चौकटीच्या कडेने फिरवा. जिथे ती आत झुकते तिथून हवा येते आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. घरात गॅस गिझर, शेगडी किंवा धूर सोडणारं कुठलंही उपकरण असेल, तर एसीच्या या ओढीने त्याचा धूर चिमणीतून बाहेर जायच्या ऐवजी घरात खेचला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो. असं उपकरण चालू असताना तिथली खिडकी उघडी ठेवा, किंवा दोन्ही एका वेळी चालवूच नका.

या रोगावर खरा इलाज म्हणजे दोन पाइपांचा एसी: एका पाइपातून बाहेरची हवा घ्यायची, दुसऱ्यातून बाहेरच टाकायची. गरम कॉइलवरून 26 ऐवजी 38 अंशांची हवा जाते, त्यामुळे कॉम्प्रेसरला थोडं जास्त रेटावं लागतं, पण खोलीतली हवा खोलीतच राहते आणि एकूण फायदाच होतो. एका पाइपच्या मशीनला घरगुती दुसरा पाइप जोडणारेही पुष्कळ आहेत. मागच्या जाळीवर फोमशीटचा डबा चिकटवायचा आणि त्यातून पाइप खिडकीपर्यंत न्यायचा. हे जमतं, पण गार आणि गरम कॉइलच्या जाळ्या वेगवेगळ्या असतील तरच. वरची जाळी गार कॉइलची आणि खालची गरम कॉइलची, अशी रचना नेहमी दिसते, तरी मॅन्युअलमधल्या चित्रावरून खात्री करा. नवा पाइप मूळ पाइपापेक्षा अरुंद नको, नाहीतर मशीन गुदमरून ट्रिप होईल. दोन्ही तोंडं खिडकीत एकमेकांपासून लांब ठेवा, नाहीतर फेकलेली गरम हवाच परत ओढली जाईल. वॉरंटी चालू असेल तर मी या भानगडीत पडणार नाही.

आता तुमच्या पाइपाकडे. 15 सेंटीमीटर व्यासाचा, दीड मीटर लांब पाइप म्हणजे 0.7 चौरस मीटरचा तापलेला पृष्ठभाग. तो 50 अंशांपर्यंत तापला तर खोलीत अंदाजे 120 ते 150 वॅट उष्णता सोडतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण 100 वॅट निघतात, म्हणजे खोलीत एक माणूस जास्त बसल्यासारखं. इन्सुलेशन गुंडाळायला हरकत नाही, पण आधी पाइप आखडून कमीत कमी लांबीचा करा, एसी खिडकीजवळ सरकवा आणि वळणं काढून टाका. वळणांनी हवा अडते आणि तो तोटा गुंडाळून भरून निघत नाही. लांबी वाढवायला जोडपाइप लावू नका. खिडकीत बसवायची प्लास्टिकची पट्टी नेहमीच ढिली असते, तिच्या चारी कडांना फोम टेप लावा. हे पाइपाच्या आधी करा.

14,000 या आकड्याबद्दलही थोडं. तो जुन्या पद्धतीच्या चाचणीतून येतो आणि त्यात आत शिरणारी हवा, तापलेला पाइप हे काहीच धरलेलं नसतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने हे नुकसान वजा करून नवा आकडा लावायला सांगितला, तेव्हा 14,000च्या बऱ्याच मशीन 8 ते 10 हजारांवर आल्या. तुमच्या खोक्यावर दोन आकडे असतील तर लहान आकडा खरा माना.

रिमोटवर 16 लावल्याने खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त थांबत नाही. 26 लावून पंख्याचा वारा अंगावर घेतलात तर जास्त बरं वाटेल. एसी खोली तापल्यावर नव्हे, तापायच्या आधी लावा. भिंत आणि फर्निचर एकदा तापलं की तीच उष्णता काढत बसावं लागतं. ऊन काचेच्या बाहेरच अडवता आलं तर उत्तम. आतला पडदा अर्धवटच काम करतो, कारण ऊन तोवर खोलीत आलेलं असतं. ड्राय मोड (हवेतला दमटपणा काढायची सेटिंग) गारव्यासाठी वापरू नका.

पाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. बऱ्याच मशीन जमलेलं पाणी गरम कॉइलवर उडवून वाफेच्या रूपात बाहेर टाकतात, त्याने कॉइल गार राहते. टाकी वारंवार भरत नसेल तर सतत पाणी काढणारी नळी लावू नका, तो फुकटचा गारवा वाया जातो. आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. पातळ वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर इतका भार तासन् तास टाकणं धोक्याचं आहे.

थर्मामीटरचे दोन्ही आकडे कॉमेंटमध्ये टाका, म्हणजे पुढचं बघू.