थंड इंजिनाची टिकटिक

प्रश्न: गाडी १५ वर्षं जुनी आहे, सकाळी स्टार्ट केली की टिकटिक आवाज येतो आणि गरम झाली की जातो. इंजिनाचं काम निघालं का?

उत्तर: लगेच इंजिन खोलायला देऊ नका हो. आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइल बघा, कमी असेल तर ते टॅपेटपर्यंत (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) पोचायला वेळ लागतो आणि तोवर टिकटिक होते. ऑइल ठीक असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप) गास्केट, म्हणजे जोडावरचं सील, तपासा, थंड असताना तिथून गॅस लीक होतो आणि धातू तापून फुगला की फट बुजते, आवाज गायब (याला टॅपेट समजून उगाच खर्च होतो). खरी भीती जड ठकठक आवाजाची, म्हणजे इंजिनावर जोर आला की वाढणारी आणि गरम झाल्यावरही न जाणारी, ती इंजिनाच्या आतल्या बेअरिंगची (फिरत्या भागांना आधार देणारा भाग) असू शकते. त्यात ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करूनच न्या.