परीक्षण, परिचय, समीक्षा की आढावा?

प्रश्न असा आहे: थंडीच्या महिन्यात वाचून काढलेल्या पाच-सहा कादंबऱ्यांवर एकत्र लिहायचे आहे, प्रत्येकीवर दहा-बारा ओळी. मथळ्यात 'समीक्षा' म्हणावे की 'परीक्षण'? आणि 'परिक्षण' लिहिले तर चालते का?

शेवटचे आधी घेऊ. 'परिक्षण' चालत नाही. परि + ईक्षण असा संधी होतो, म्हणून 'री' दीर्घ. सम् + ईक्षा मिळून समीक्षा, निर् + ईक्षण मिळून निरीक्षण, तिथेही तेच. 'परिचय'मध्ये मात्र पुढे 'चय' आहे, ई नाही, म्हणून 'रि' ऱ्हस्वच राहतो. परिणाम, परिसर, परिचय हे शब्द सतत डोळ्यांखालून जातात आणि त्यांच्या सवयीने हात 'परिक्षण' लिहून मोकळा होतो. पुढे 'ईक्ष्' धातू आहे एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही.

आता शब्दाची निवड. ती लेखाच्या लांबीवरून करू नये, मजकूर काय करतो त्यावरून करावी. समजा, एका कादंबरीत जमिनीच्या खटल्यासाठी मुलगा बऱ्याच वर्षांनी गावी परततो. 'गाव सोडून गेलेला मुलगा परततो आणि वडिलांशी अबोला धरलेल्या घरात त्याला राहावे लागते', असे लिहिले तर तो परिचय. 'खटल्याचा भाग घट्ट बांधला आहे, पण शेवटच्या प्रकरणांत पात्रांच्या तोंडून लेखकच बोलू लागतो आणि वडिलांचे मौन वाया जाते', हे परीक्षण: गुण-दोष सांगितले आणि कारणही दिले. 'वडील दाराला कडी लावतात, हे वाक्य तीनदा येते. आधी तो राग वाटतो, मग भीती, शेवटी काळजी', हे रसग्रहण. आणि जमिनीचा वाद ग्रामीण कादंबरीत कसकसा येत गेला, ही कादंबरी त्यात कुठे वेगळी पडते, याची मांडणी केली तर ती समीक्षा.

दहा-बारा ओळींत समीक्षा मावणे अवघडच. तरीही हा शब्द सर्रास वापरला जातो, त्यामागे हिंदीचा प्रभाव असावा. हिंदीत पुस्तकावरच्या छोट्या लेखालाही 'पुस्तक समीक्षा' म्हणतात. मराठीत मात्र साहित्यविचाराच्या शास्त्रालाच 'समीक्षा' म्हणण्याची रीत रुळली आहे आणि तो भेद राखण्याजोगा आहे. 'टीका' हा शब्दही असाच सांभाळून वापरावा. ज्ञानेश्वरी (1290) ही गीतेवरची टीका आहे, तिथे टीका म्हणजे विवरण. आज 'कादंबरीवर टीका' म्हटले की वाचणारा दोषच ऐकायला बसतो.

म्हणून एकत्र लेखाच्या मथळ्याला 'आढावा' सर्वांत योग्य: 'जानेवारीत वाचलेल्या कादंबऱ्यांचा आढावा'. आत प्रत्येक टिपणावर निराळे नाव घालायचे असेल, तर कथानक सांगणारी वाक्ये खोडून पाहावी. उरलेल्या मजकुरात सकारण मत असेल तर 'परीक्षण' म्हणावे. काहीच उरले नाही तर तो परिचय. परिचय म्हणण्यात कमीपणा नाही. शेवट न फोडता कादंबरी नेमकी ओळखीची करून देणे हे कसबाचेच काम आहे. 'छान आहे, जरूर वाचा' एवढेच उरले, तर तो अभिप्राय.

क्रियापदेही ठरलेली आहेत. आढावा घेतात, परीक्षण करतात किंवा लिहितात, परिचय करून देतात. 'परिचय दिला आहे' यात हिंदीचे वळण जाणवते. परीक्षण, समीक्षा, आढावा यांच्याआधी 'चा-ची-चे' येते, टीकेआधी 'वर'. 'पुस्तकपरीक्षण' आणि 'पुस्तकपरिचय' हे सामासिक शब्द आहेत, ते जोडून लिहावेत. 'पुस्तक परीक्षण' असे तोडून लिहिलेले छापील मथळ्यांतही दिसते, पण ते बरोबर नाही.