बाळ यायच्या आधी कुत्र्याची तयारी

सातवा लागला ना, मग आजपासूनच सुरुवात कर. बाळ आल्यावर एकदम नियम बदललेस तर त्याला ते बाळामुळेच झालं असं वाटणार. पलंगावर नको असेल तर आत्ताच सवय मोड. पाळणा आधीच बांध, हुंगू दे. मोबाइलवर बाळाचं रडणं अगदी बारीक आवाजात लाव, सोबत खाऊ दे, आवाज हळूहळू वाढव.

तू बाळंतपणाला माहेरी सिन्नरला, कुत्रा इथे नाशिकला, तर बाळाचा वास आधीच त्याच्यापर्यंत पोचू दे. आमच्या मोतीसाठी ह्यांनी बाळाचं वापरलेलं दुपटं न धुता आणलं होतं. कितीतरी वेळ हुंगून तो त्याच्या शेजारीच पसरला. घरी आलीस की आधी एकटी त्याला भेट. मग गंगापूर रोडला लांब फेरी मारून आणा त्याला, आणि पट्टा लावूनच बाळ दाखवा.

गुरगुरला तर ओरडू नकोस गं, बाळाला लांब ने. त्याला अंतर हवंय, एवढंच तो सांगतोय. दटावलंस तर पुढच्या वेळी न गुरगुरताच चावू शकतो. रेबीजची लस, जंताचं औषध वेळेवर. बारशाच्या गर्दीत त्याला वेगळ्या खोलीत ठेव. आणि कितीही गुणी असला तरी दोघांना एकटं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तरी.