अर्क ‘चालतो’ हे कळल्यानंतरचं काम

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे माझे विषय. औषधी वनस्पतींच्या अर्कांतून विषाणूंवर औषध शोधायची इच्छा आहे. एमएस्सी बॉटनीत करू की मायक्रोबायॉलॉजीत? घरचे म्हणतात, यात नोकरी नाही. आणि इतक्या अर्कांचा गुण प्रयोगशाळेत दिसलाय, तर औषधं का येत नाहीत?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. विषय कोणता निवडायचा, याचं उत्तर त्यातच आहे.

‘अमुक अर्क विषाणूविरोधी आहे’ असं वाचलंस, की ते कशावरून म्हटलंय ते बघ. बऱ्याचदा प्रयोग असा असतो : तबकडीत पेशींचा एकपदरी थर वाढवतात, त्यावर विषाणू सोडतात आणि तो वाटेल तसा पसरू नये म्हणून वर अगारसारखा दाट थर देतात. काही दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं, की शाबूत पेशी जांभळ्या दिसतात आणि विषाणूने पेशी मारल्या तिथे कोरे ठिपके राहतात. हे ठिपके म्हणजे प्लाक. ते एकेक करून मोजायचे. अर्क घातल्यावर प्लाक कमी झाले, तर अर्क चालला.

पण अर्काने पेशीच आजारी पडल्या, तरी विषाणूची वाढ खुंटते. म्हणून निम्म्या पेशी मारणारी मात्रा आणि विषाणूची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, दोन्ही काढून पहिलीला दुसरीने भागतात. या सिलेक्टिव्हिटी इंडेक्सचा आकडा 2 आला तर हाती फारसं काही लागलेलं नाही. 10 च्या पुढे गेला तर पुढे बघण्यासारखं आहे. त्यात टॅनिनं, म्हणजे वनस्पतींतली तुरट संयुगं, आणखी फसवतात. ती प्रथिनांना सरसकट चिकटतात, विषाणूवरच्याही. तबकडीत निकाल झकास येतो, शरीरात त्याचा उपयोग होईलच असं नाही.

खरं काम इथून पुढे आहे. अर्कात शेकडो संयुगं असतात. ती वेगळी करायची, प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा, गुणकारी संयुगाची रचना ठरवायची. ही मेहनत मुख्यतः रसायनशास्त्राची. चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून इन्फ्लुएन्झावरचं ओसेल्टामिविर बनवतात, पण ते आम्ल स्वतः फ्लूवरचं औषध नाही. मधल्या साऱ्या पायऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी घडवल्या. मिश्रण तसंच ठेवूनही औषध होतं : ग्रीन टीमधल्या कॅटेचिन नावाच्या संयुगांचं मलम अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2006 मध्ये एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी मंजूर केलं. त्यासाठी प्रत्येक बॅचमधलं प्रमाण सारखं असल्याचं दाखवावं लागतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : एमएस्सी सेंद्रिय रसायनशास्त्रात कर, भर नैसर्गिक संयुगांवर दे, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेबरोबर मिळव. प्लाक मोजताना तुला रंगून जायला होतं असं लक्षात आलं, तर पीएचडीला विषाणूशास्त्राकडे वळता येईल. उलट दिशेने, रसायनशास्त्राचा पाया नंतर भरणं फार अवघड जातं.

बॉटनी वाया जाईल अशी भीती बाळगू नकोस. 1987 मध्ये मलेशियातल्या सारावाकमधून एका झाडाचा नमुना गोळा केला गेला आणि त्यातून पुढे एचआयव्ही-1 ला रोखणारं कॅलनोलाइड ए हे संयुग मिळालं. संशोधक परत गेले, तर ते झाड तोडलेलं होतं आणि त्याच जातीच्या इतर झाडांत ते संयुग जवळपास नव्हतंच. झाड नेमकं कोणतं, कुठलं, नमुना कधी घेतलेला, याची नोंद आणि हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, नमुना किती मोलाचा, हे तुझ्यासारखी बॉटनी शिकलेली मुलगीच चटकन ओळखेल.

नोकरीबद्दल घरच्यांची काळजी रास्त आहे. निव्वळ विषाणूविरोधी वनस्पतींवर संशोधनाच्या जागा थोड्या असतात, आणि जिवंत विषाणूंवरचं काम जैवसुरक्षेची सोय असलेल्या प्रयोगशाळांपुरतंच असतं. पण एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री ही संयुगं वेगळी करून ओळखण्याची तंत्रं आणि अर्कांचं प्रमाणीकरण हातात असलेल्या माणसाला औषध कंपन्यांची गुणवत्ता तपासणी, संयुग विश्लेषण, औषध मंजुरीची कागदपत्रं अशी बरीच दारं उघडी असतात. त्यांना हेच सांग.

या सुट्टीत एखाद्या अर्कावरचे पाच शोधनिबंध घे. प्रत्येकात तीन गोष्टी शोध : पेशींवरची विषारी मात्रा दिलीय का, अर्क ज्या द्रावकात विरघळवला त्याची वेगळी चाचणी केलीय का, आणि हर्बेरियम नमुन्याचा क्रमांक आहे का. जिथे तिन्ही सापडतील, त्या संशोधकांना प्रकल्पासाठी पत्र लिही.