अशील म्हणतो "मीच केलं", आणि दुसरा पोरगा आत आहे

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते, लीगल एडच्या (गरीब आरोपींना सरकारी खर्चाने वकील देण्याच्या) पॅनलवर आहे. शेतातल्या विहिरीवरची मोटर चोरीला गेल्याची केस मला मिळालीये, आरोपी दोन, दोघंही विशीतले, दोघंही आत. माझा अशील भेटीत सरळ म्हणाला, मॅडम मोटर मीच काढली, तो दुसरा तिथं नव्हताच, पोलिसांनी आम्ही एकत्र फिरतो म्हणून त्याला उचललं. दुसऱ्याला वेगळा वकील आहे. सिनियर म्हणतात, गप्प बस आणि सगळं त्या दुसऱ्यावर ढकल, आपला सुटतो. घरी बाबा म्हणतात, गांधीजींनी खोट्या केसेस घेतल्या नाहीत, तू पण सोडून दे. मला रात्री झोप येत नाही. दुसऱ्याच्या वकिलाला सांगून टाकू का?

उत्तर : आधी एक सांगते, तुझ्या पत्रातले गाव, तारखा आणि बरेच तपशील मी बदललेत, आणि पुन्हा कोणालाही विचारताना हे सगळं आधीच काढून विचार. अशिलाने वकील म्हणून तुला सांगितलेलं हे त्याचं आहे, तुझं नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १३२ मध्ये आलंय, अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याचं बोलणं बाहेर काढायचं नाही. अपवाद आहेत, पण ते पुढे करायच्या बेकायदा कामासाठी वकिलाचा वापर होत असेल किंवा केस घेतल्यानंतर काही गुन्हा, फसवणूक तुझ्या नजरेस आली तर. झालेल्या चोरीची कबुली त्यात बसत नाही. त्यामुळे दुसऱ्या वकिलाला परस्पर सांगणं, चहाच्या टपरीवर "सहज" सांगणं सुद्धा, नाही म्हणजे नाही.

गुन्हा केलेल्याचा बचाव करणं पाप आहे का, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तुझ्या बाबांच्या बोलण्यात तो आहे. बार कौन्सिलचे नियम स्पष्ट सांगतात की आरोपी दोषी आहे असं तुम्हाला स्वतःला वाटत असलं तरी बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये याला वकील बांधलेला असतो. कसाबसाठी २००९ मध्ये कोर्टाने वकील नेमला तेव्हा निदर्शनं झालेली तुला आठवत असतील, आणि पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या केसमध्ये सांगितलं की अमक्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत. गांधीजींचं म्हणशील तर ते अशिलाला आधीच सांगायचे की खोटी केस आणू नका, मग अशिलाने फसवलं तर त्यांनी जोहान्सबर्गला भर कोर्टात केस काढून टाका म्हणून सांगितलंही. पण त्यांच्या अशिलाला दुसरा वकील निवडता येत होता, तुझ्या अशिलासाठी वकील निवडला तो सरकारने, आणि त्याने विश्वास ठेवला तो तुझ्यावर.

आता सिनियरांचा सल्ला. इथे मी ठाम आहे, तो सल्ला मानू नकोस. पंचनाम्यावरचा पंच पोलिसांचा नेहमीचा, रेडिमेड आहे का, जप्तीची मोटर सील केली होती का, मेमोरंडम पंचनामा (आरोपीच्या सांगण्यावरून माल सापडल्याची नोंद) पोलीस स्टेशनातच बसून लिहिलाय का, फिर्यादीला मोटरचा नंबर सांगता आला का, हे सगळं उलटतपासात झोडून काढ, त्यात खोटं काहीच नाही, सरकारी पक्षाला पुरावा सिद्ध करायला लावणं हेच तुझं काम आहे. पण तू साक्षीदाराला "हे त्या दुसऱ्यानेच केलं" असं सुचवणारा प्रश्न (सजेशन) टाकलास, किंवा कोर्ट आरोपीला प्रश्न विचारतं त्या कलम ३५१ च्या (जुन्या ३१३ च्या) जबाबात अशिलाला "मी त्या रात्री मामाच्या गावी होतो" असं लिहून दिलंस, तर तू पुरावा तपासत नाहीयेस, निरपराध माणसाला अडकवायला हात लावतेयस. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणायचा की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, मला त्या सगळ्या जड तत्त्वज्ञानात हे वाक्य कोर्टासाठी सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण त्या दुसऱ्या पोराला सिनियर नेमकं साधन म्हणूनच वापरायला सांगतायत.

मग हिशेबी नीती काय म्हणते, जास्तीत जास्त लोकांचं भलं वगैरे? गंमत म्हणजे त्या पंथाचा मूळ माणूस बेंथम, त्याला वकील-अशील गुप्तता हीच नको होती, तो म्हणायचा निर्दोषाला लपवायला काहीच नसतं, फायदा होतो तो गुन्हेगाराचाच. मला हे पटत नाही, कारण गुप्तता गेली तर आपल्याकडचा अर्धशिक्षित, घाबरलेला आरोपी वकिलाला काहीच खरं सांगणार नाही, आणि मग जो निर्दोष आहे तो सुद्धा नीट बचाव करू शकणार नाही. पण बेंथमचा प्रश्न पूर्ण उडवता येत नाही, हे मला शिकागोच्या एका केसमुळे वाटतं.

१९८२ साली तिथे ऑल्टन लोगनला एका मॅकडोनाल्डमधल्या सिक्युरिटी गार्डच्या खुनासाठी पकडलं. दुसऱ्या खटल्यातला आरोपी अँड्र्यू विल्सन याने आपल्या वकिलांना, डेल कॉव्हेंट्री आणि जेमी कुन्झ यांना सांगितलं की तो खून मी केला. त्यांनी प्रतिज्ञापत्र करून, नोटरी करून, लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवलं आणि गप्प राहिले, लोगनला जन्मठेप झाली. पण त्यांनी एक काम मात्र केलं, विल्सनकडून त्याच्या मृत्यूनंतर बोलायची परवानगी घेऊन ठेवली. विल्सन २००७ मध्ये वारला, पेटी उघडली आणि लोगन २००८ मध्ये बाहेर आला, २६ वर्षांनी. ते दोघं वकील नियमाप्रमाणे बरोबर होते आणि तरीही मला ते पुरेसं वाटत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात निर्दोष माणूस चुकीने तुरुंगात जात असेल तर वकिलाला बोलायची मुभा नियमातच आहे. तशी मुभा आपल्याकडे यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, पण आज ती नाही, आणि माझ्या मतावर विसंबून तू तुझी वकिलीची सनद आणि अशिलाचा विश्वास पणाला लावायचा नाहीस.

त्या वकिलांपेक्षा तुझ्याकडे मार्ग जास्त आहेत, कारण तुझ्याकडे खून नाही, चोरी आहे. जेलमध्ये तुझ्या अशिलाला निवांत भेट, गार्डला ऐकू जाणार नाही असं बस, आणि घाई न करता त्याला विचार, "तो दुसरा यातून सुटावा असं तुला वाटतं का?" साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, त्यामुळे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड, होऊ शकतं, आरोप निश्चित (चार्ज फ्रेम) झाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे ती मात्र बघ. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा) फायदा माग. प्ली बार्गेनिंगच्या अर्जात दिलेला कबुलीचा मजकूर दुसरीकडे वापरता येत नाही हे त्याला समजावून सांग, म्हणजे दुसऱ्याच्या खटल्यात तो आपोआप उपयोगी पडणार नाही. पण याचं प्रकरण वेगळं होऊन निकाली निघालं की तो सहआरोपी राहत नाही, आणि मग त्या पोरासाठी बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, अर्थात स्वतःच्या मर्जीने. यातले धोके पण सांग, शिक्षा लागेल, रेकॉर्ड होईल, नोकरीच्या वेळी आडवं येईल. त्याला गोड बोलून पटवायचं नाही, आणि तो हो म्हणाला तर त्याची लेखी संमती घे, त्याला वाचून दाखव, मग दुसऱ्या वकिलाशी बोल.

आणि तो नाही म्हणाला तर? तर तू बोलायचं नाहीस, ढकलायचं पण नाहीस, आणि बाबा म्हणतात तसं वकीलपत्र काढून घ्यायचं पण नाहीस. काढलंस तर तुला कारणही सांगता येणार नाही, नवा वकील येईल, त्याला अशील कदाचित काहीच खरं सांगणार नाही, आणि तो सिनियरांचाच सल्ला पाळेल. दुसरा पोरगा तिथं नव्हता हे माहीत असलेली आणि तुझ्या अशिलाशी बसून बोलू शकणारी सध्या तू एकटीच आहेस. पुढच्या तारखेच्या आधी जेल भेटीचा अर्ज टाक.