कॉलेजचे मित्र खूप पुढे गेलेत, मी मागे राहिलोय. रियुनियनला जावं का?

जा, असं माझं मत आहे.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात तुमची बॅच ठाण्यात भेटतेय. ग्रुपवर रोज कुणाचं प्रमोशन, कुणाचं कॅनडाला जायचं नक्की झाल्याची बातमी. आणि तुमची नोकरी मात्र दोन वर्षांत दोनदा गेली. नाव दिलंत, पण वर्गणी अजून भरली नाहीत. गेल्या वर्षी माझीही अशीच घालमेल झाली होती.

मी २००० साली ठाण्यातून बीएस्सी केमिस्ट्री केलं. तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांची वाट ठरलेली असायची: खाडीपलीकडचा टीटीसीचा, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहतीचा पट्टा. रबाळे, तुर्भे, महापे इथल्या कंपन्यांत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, नाहीतर शिफ्ट केमिस्ट म्हणून लागायचं. ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली; आम्ही त्याआधीचे, बसला लटकून जाणारे. पुढे त्या पट्ट्यातल्या बऱ्याच केमिकल कंपन्या बंद पडल्या किंवा हलल्या आणि ऐरोली-घणसोलीला आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आमच्यातले जे वेळेत औषध कंपन्यांकडे वळले, ते आज मोठ्या हुद्द्यावर आहेत. ज्यांचा प्लांटच बंद झाला, त्यांना पस्तिशीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दोघांचे मार्क सारखेच होते, मेहनतही सारखीच. पहिली नोकरी कुठल्या गेटच्या आत मिळाली, यावर फार काही ठरलं. हे मी कुणाचं यश कमी लेखायला म्हणत नाही. पण तुम्ही स्वतःला 'मागे राहिलो' म्हणता, तेव्हा हा हिशोबही मनात धरा.

मी तीन वर्षं क्यूसीत होते. मुलगी लहान, त्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला, म्हणून नोकरी सोडली ती सोडलीच. ग्रुपवर सहा वर्षं मी 'अभिनंदन' याखेरीज एक शब्द लिहिला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या रियुनियनला मला नेलं ते एका मैत्रिणीने. मोठ्या भेटीच्या आठवडाभर आधी आम्ही चौघं मामलेदारच्या मिसळीला भेटलो. तुम्हीही हे नक्की करा. ज्या दोन-तीन जणांशी पूर्वी मोकळेपणाने बोलायचात, त्यांना आधी गाठा. आमच्या चौघांत एक जण होता, जनरल मॅनेजर झाल्याबद्दल ग्रुपवर त्याच्यावर फुलांचा पाऊस पडला होता. मिसळ खाताखाता तो खाली बघून म्हणाला, "चार महिने झाले, घरी आहे." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मैत्रिणीने त्याच्या पानात आणखी एक पाव ठेवला. प्रमोशन झालं की माणूस ग्रुपवर टाकतो, नोकरी गेल्याचं कोण टाकणार? तुमच्या ग्रुपवरही असे गप्प बसलेले असतीलच.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिला अर्धा तास जड गेला. जो तो विचारतो, "सध्या कुठे?" मी घरूनच एक वाक्य ठरवून गेले होते: "कळव्याला विज्ञानाच्या शिकवण्या घेते, दहावीची २२ मुलं आहेत." त्यात 'फक्त' नाही, 'आपलं असंच काहीतरी' नाही. विचारणाऱ्याचा मुलगा नेमका दहावीला निघाला आणि पुढची वीस मिनिटं आम्ही त्याच्याबद्दलच बोललो. तुम्हीही सरळ सांगा: "नोकरी शोधतोय, अमुक कामातली." चार जणांच्या कानावर गेलेलं बरं. मात्र हातोहात काम मिळेल या आशेने जाऊ नका. मला कुणी काही दिलं नाही, मी मागितलंही नाही.

जेवणानंतर सरांनी जुनी लॅब उघडून दिली. लाकडी ओटे तेच, आमच्या ओट्याच्या कडेवरचा ॲसिडचा डागही तसाच. माझी तेव्हाची लॅब पार्टनर आता ऐरोलीला एका आयटी पार्कमध्ये औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणाऱ्या टीमची प्रमुख आहे. तिने रिकाम्या स्टँडपुढे उभं राहून ब्युरेटची चावी फिरवल्यासारखी बोटं फिरवली आणि म्हणाली, "आठवतं? माझं टायट्रेशन दर वेळी गडद गुलाबी व्हायचं. तू हात धरायचीस, म्हणायचीस, आता थेंब-थेंब सोड." टायट्रेशनमध्ये फिकट गुलाबी रंग येताच थांबायचं असतं, थेंब जास्त पडले की तो गडद होतो. मी हे साफ विसरले होते, तिचा हात धरल्याचं. ती आजही नव्या मुलांना काम शिकवताना हेच म्हणते: आता थेंब-थेंब. २५ वर्षं मी तिच्या बढत्यांच्या बातम्या वाचत होते आणि तिच्या कामात माझं वाक्य आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

तुमच्याही बाबतीत कुणाकडे असं काही जपलेलं असेल. ते ग्रुपवर येत नाही, त्यासाठी समोरासमोर बसावं लागतं.

एकच अपवाद. कॉलेजात तुम्हाला कुणी खरोखर छळलं असेल आणि तो येणार असेल, तर नाही गेलात तरी चालेल. तसं तुमच्या प्रश्नात कुठे दिसत नाही.

राहिली वर्गणी. ती आत्ता जड जात असेल, तर जो पैसे गोळा करतोय त्याला वेगळा फोन करा, ग्रुपवर लिहू नका. आमच्या बॅचमध्ये चार जणांचा वाटा बाकीच्यांनी उचलला. तो कुणाचा, हे हिशोब ठेवणाऱ्या एकीलाच माहीत आहे, आणि आम्हीही तिला कधी विचारलं नाही. जेवणाचा आकडा केटररला आधी द्यावा लागतो, तेव्हा हा फोन आजच करा.