खवय्यांनी क्रूझ निवडताना आधी काय बघावं?

तुमचा प्रश्न असा: नवरा-बायको दोघंही खाण्याचे शौकीन, नागपूरहून पहिल्यांदाच क्रूझला निघायचंय, बायको शाकाहारी, तर जेवणासाठी कुठली क्रूझ घ्यावी?

आधी बंदरं बघा, जहाज नंतर. मी नागपुरातल्या महाल भागात राहतो, आम्ही दोघांनी तीन क्रूझ केल्या, आणि हे मला पहिल्या क्रूझनंतर कळलं. तेव्हा आम्ही जाहिरातीतली रेस्टॉरंटं मोजून जहाज ठरवलं होतं. चढल्यावर समजलं की तिकिटात मोठा डायनिंग हॉल आणि बुफे एवढंच धरलेलं आहे, बाकी बहुतेक ठिकाणी माणशी वेगळे पैसे. बुफे वाईट नव्हता. पण हजारो माणसांचं रांधताना ते कुणालाच तिखट लागू नये अशा बेतानं करावं लागतं, आणि तर्री पोहे, सावजीवर वाढलेल्या जिभेला तिसऱ्या दिवशी सारं सपक लागायला लागतं. त्यात आगीच्या धोक्यामुळे जहाजावरचा स्वयंपाक बहुतेक विजेच्या शेगड्यांवर होतो. ज्वाळेवर भाजलेल्या पदार्थांची चव तिथे शोधू नका.

ती चव जमिनीवर मिळते. म्हणून जहाज कुठे लागतं आणि किती वाजेपर्यंत थांबतं, हे बारकाईनं वाचा. वेळापत्रकात मोठ्या शहराचं नाव असतं, धक्का असतो भलतीकडेच. ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग, तिथून शहर साधारण तासाभरावर. ‘रोम’ म्हणजे चिविताव्हेक्किया, सुमारे ८० किलोमीटर लांब. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. जाण्यायेण्यातच दिवस संपतो आणि दुपारी घाईघाईत काहीतरी खाऊन परत जहाज गाठावं लागतं. याउलट मलेशियातल्या पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या कडेलाच लागतं, उतरून चालत जुन्या गावात जाता येतं. तिथला आसाम लक्सा, म्हणजे चिंचेच्या आंबट रश्शातल्या तांदळाच्या शेवया आणि मासळी, मी अजून विसरलेलो नाही. पण खाण्याच्या बऱ्याच गाड्या संध्याकाळी लागतात, म्हणून तिथे रात्रीपर्यंत थांबणारी फेरीच घ्या. नेपल्सचं बंदरही गावातच आहे, पिझ्झ्यासाठी बस लागत नाही.

पहिल्या वेळी मी तुम्हाला सिंगापूरहून निघणारी, पेनांगला थांबणारी फेरी सुचवेन. एक दिवस आधी पोहोचा. सिंगापूरची हॉकर संस्कृती, म्हणजे एकाच जागी जमलेल्या छोट्या खाद्यगाळ्यांवर खायची रीत, २०२० साली युनेस्कोच्या यादीत आली, ती उगाच नाही. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये तुमच्या बायकोचीही नीट सोय होईल.

खर्चाची तयारी असेल आणि जहाजावरच उत्तम जेवायचं असेल, तर ओशनिया या क्रूझ कंपनीची मरीना किंवा रिव्हिएरा ही जहाजं बघा. साधारण साडेबाराशे प्रवासी, खास रेस्टॉरंटांना वेगळे पैसे नाहीत, आणि स्वयंपाकाचे वर्गसुद्धा आहेत. फ्रेंच शेफ जाक पेपँ यांचं मार्गदर्शन या कंपनीला सुरुवातीपासून लाभलं.

समुद्र मानवतो का एवढंच बघायचं असेल तर रात्रीच्या दुरांतोनं मुंबई गाठा आणि कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची गोवा किंवा लक्षद्वीपची फेरी करा. २०२१ पासून ती सुरू आहे, शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं.

बुकिंग करतानाच शाकाहाराचं लेखी कळवा. मग पहिल्याच रात्री डायनिंग हॉलच्या हेड वेटरला भेटून उद्या काय हवं ते सांगा. आम्ही असं विचारल्यावर दुसऱ्या दिवशी वरण, भात आणि फोडणी दिलेली भाजी टेबलावर आली, छापील मेन्यूत यातलं काहीच नव्हतं. रोजचं टेबल एकच घेतलं तर वाढणारी माणसंही तीच राहतात, त्यांना तुमची आवड लक्षात राहते.

आणि जवसाची चटणी न्याच, पण दुकानातली, बंद पाकिटातली. घरी करून डब्यात भरलेली वस्तू जहाजावर चढताना काढून घेऊ शकतात, आमची भिवापुरी मिरचीची चटणी तशीच गेली.